आफ्रिका म्हणजे कोण?



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यभर भूगोल शिकवला. म्हणून विषयही भूगोलातलाच निवडला आहे. मात्र नद्या, डोंगर, हवामान यांवर मी बोलणार नाही. मला बोलायचे आहे ते एका खंडाच्या नावावर. ते नाव आफ्रिका.

२०२२ च्या सप्टेंबरात मध्य प्रदेशातल्या कुनोच्या जंगलात आठ चित्ते आणून सोडले. पुढच्या फेब्रुवारीत आणखी बारा आले. आपण सगळे काय म्हणालो? आफ्रिकेतून चित्ते आले. त्यातले पहिले आठ नामिबियाचे होते आणि नंतरचे बारा दक्षिण आफ्रिकेचे, पण नामिबिया हा शब्द घरोघरी किती जणांच्या तोंडी आला? स्वित्झर्लंडहून घड्याळ आणले तर ते 'युरोपचे घड्याळ' असे आपण कधी म्हणत नाही. आफ्रिकेच्या बाबतीत मात्र साथ आफ्रिकेत येते, दुष्काळ आफ्रिकेत पडतो, निवडणुकीत दंगल झाली तर तीही आफ्रिकेतच होते. चोपन्न स्वतंत्र देश, भारताच्या नऊपट जमीन, जवळपास भारताइतकी लोकसंख्या. हे सगळे आपण एका शब्दात गुंडाळून ठेवतो.

इथवरचे बोलणे सोपे आहे, आणि पुष्कळ लोक इथेच थांबतात. ते म्हणतात, आफ्रिका म्हणू नका, देशाचे नाव घ्या. हा सल्ला चांगला आहे. तो पाळावा. पण त्याने प्रश्न सुटत नाही. कारण तिथले लोक स्वतःही हा शब्द वापरतात. मोठ्या अभिमानाने वापरतात. त्या शब्दासाठी माणसे तुरुंगात गेली, काहींनी जीव दिला. मग बाहेरच्याच्या तोंडी जो शब्द आळशीपणाचा वाटतो, तोच तिथल्या माणसाच्या तोंडी शपथेसारखा का होतो? माझ्यापुढे आज हा प्रश्न आहे. माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. आफ्रिका कुठे आहे, हे नकाशा सांगतो. आफ्रिका कोण आहे, याचा निवाडा मात्र दोन हजार वर्षे चालू आहे, आणि तो प्रत्येक वेळी कोणाला तरी आत घेतो किंवा बाहेर ठेवतो.

पहिल्यांदा रोमला जाऊ. ग्रीक लोक या खंडाला लिबिया म्हणत. हेरोडोटसला तर नवल वाटले होते की पृथ्वी एकच असताना तिला तीन नावे का, आणि तीही बायकांची का. आफ्रिका हे नाव रोमनांचे. आजच्या ट्युनिशियाच्या परिसरात राहणाऱ्या काही लोकांना ते 'आफ्री' म्हणत. त्या शब्दाचे मूळ काय, यावर पंडितांची अनेक मते आहेत. कोणी बर्बर भाषेतल्या गुहेच्या शब्दाकडे बोट दाखवतो, कोणी फिनिशियन भाषेतल्या धुळीच्या शब्दाकडे. त्या वादात मी शिरत नाही. मला व्युत्पत्तीपेक्षा वापर महत्त्वाचा वाटतो. इसवी सन पूर्व १४६ मध्ये रोमने कार्थेज जमीनदोस्त केले आणि जिंकलेल्या मुलखाचा प्रांत केला. त्या प्रांताचे नाव आफ्रिका. म्हणजे सुरुवातीला आफ्रिका केवढी होती? ट्युनिशियाच्या ईशान्य कोपऱ्याएवढी.

आता त्या काळातली दोन माणसे पाहा. पहिला सेनापती स्किपिओ. इसवी सन पूर्व २०२ मध्ये त्याने झामाच्या लढाईत हॅनिबलचा पराभव केला, आणि रोमने त्याला पदवी दिली, आफ्रिकानुस. दुसरा टेरेन्स हा नाटककार. कार्थेजमध्ये जन्मला, गुलाम म्हणून रोमला आला, एका सिनेटरच्या घरी वाढला, शिकला, मुक्त झाला आणि लॅटिन भाषेतला फार मोठा विनोदी नाटककार ठरला. त्याच्या नावाला जोड होती आफेर, म्हणजे आफ्रिकेचा. या टेरेन्सचा स्नेह कोणाशी होता? त्याच स्किपिओ घराण्यात दत्तक आलेल्या नातवाशी. टेरेन्स वारला, आणि काही वर्षांनी त्या नातवाने कार्थेज जाळून उद्ध्वस्त केले. तोही आफ्रिकानुस झाला. श्रोतेहो, हे जरा डोळ्यांपुढे आणा. एकाच बैठकीत ऊठबस असलेली दोन माणसे. एकाला आफ्रिकेचे नाव मिळाले ते तिकडून धरून आणला म्हणून, दुसऱ्याला मिळाले ते तिकडचे शहर जाळले म्हणून. या नावाच्या पहिल्याच पानावर गुलाम आणि जेता शेजारी शेजारी उभे आहेत.

पुढची काही शतके मी भरभर ओलांडतो. अरब आले, त्यांनी ६७० मध्ये कैरवान वसवले आणि त्या जुन्या रोमन प्रांताला इफ्रिकिया म्हटले. त्यांच्याही लेखी इफ्रिकिया म्हणजे एक मुलूखच होता. दक्षिणेकडच्या प्रदेशांना त्यांच्याकडे वेगळी नावे होती. सहारापलीकडे बिलाद अस्-सुदान, पूर्व किनाऱ्याला झंज, लाल समुद्रापलीकडच्या डोंगराळ राज्याला हबश. या हबशचे आपल्याशी नाते आहे, त्याकडे मी नंतर येईन. युरोपातही अंतर्भागाला बराच काळ इथिओपिया म्हणत. जुन्या नकाशांवर दक्षिण अटलांटिकला 'इथिओपियन महासागर' म्हटलेले दिसते. १४८८ मध्ये बार्तोलोमेउ दियास खंडाच्या टोकाला वळसा घालून गेला, दहा वर्षांनी वास्को द गामा कालिकतला पोचला, किनारा पुरता आखला गेला. तेव्हा नकाशाकारांना सबंध भूभागाला एक नाव हवे होते. ट्युनिशियाच्या कोपऱ्याचे नाव केप ऑफ गुड होपपर्यंत ताणले गेले. मात्र त्या किनाऱ्यावर राहणाऱ्या योरुबाला, झुलूला, स्वाहिलीला आपण आफ्रिकन आहोत हे माहीत होते का? अजिबात नाही. आपल्याकडच्या कोळ्याला किंवा कुणब्याला आपण 'आशियाई' आहोत हे तेव्हा जेवढे माहीत होते, तेवढेच.

मग ही माणसे आफ्रिकन कधी झाली? कुठे झाली?

याचे उत्तर आफ्रिकेत सापडत नाही. ते अटलांटिकवर, गुलामांच्या जहाजांत सापडते. सुमारे सव्वा कोटी माणसे त्या जहाजांत कोंबली गेली, सुमारे एक कोटी सात लाख जिवंत उतरली. जहाजात चढताना त्यांतला कोणी इग्बो होता, कोणी अकान, कोणी मांडिंका, कोणी कोंगोचा. एकमेकांची भाषा कळत नव्हती. काही तर एकमेकांचे शत्रू होते, कारण लढायांत पकडलेले कैदीच विकले जात. पलीकडच्या किनाऱ्यावर उतरल्यावर विकणाऱ्याला या फरकाशी फारसे कर्तव्य नव्हते. जी एकी घरी नव्हती ती साखळीने घडवली. आणि काही पिढ्यांत त्या लोकांनी काय केले? विकणाऱ्याच्या वहीतला तो शब्द उचलला आणि आपल्या संस्थांच्या दारावर लावला.

१७८७ मध्ये फिलाडेल्फियात रिचर्ड ॲलन आणि ॲबसलम जोन्स यांनी कृष्णवर्णीयांची परस्परसाहाय्याची संस्था काढली, तिचे नाव 'फ्री आफ्रिकन सोसायटी'. विधवांना मदत, आजाऱ्यांची शुश्रूषा, मृतांचे दफन अशी तिची कामे. १७८९ मध्ये लंडनमध्ये ओलाउदाह एक्विआनो याचे आत्मचरित्र निघाले, त्याच्या मुखपृष्ठावर त्याच्या दोन नावांनंतर छापले होते 'आफ्रिकन'. इथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो. एक्विआनो स्वतः सांगतो की आपण इग्बो प्रदेशात जन्मलो. पण त्याच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत जन्मस्थान कॅरोलायना लिहिले आहे, आणि त्यावरून अभ्यासकांत वाद आहे. समजा, वाद घालणारे बरोबर आहेत. तर मग या माणसाने काय केले? अमेरिकेत जन्मूनही, जे नाव त्या काळी बाजारातल्या मालाचे होते, ते त्याने जाणूनबुजून छातीवर लावले आणि त्या नावाने गुलामगिरीविरुद्ध साक्ष दिली. मला यात त्याची उंची वाढलेलीच दिसते.

पण थांबा. हे नाव घेणे सरळ रेषेत चालले नाही. १८१६ मध्ये अमेरिकेत एक संस्था निघाली, स्वतंत्र झालेल्या कृष्णवर्णीयांना आफ्रिकेत पाठवून देण्यासाठी. त्यातूनच पुढे लायबेरिया उभा राहिला. त्या संस्थेत गुलामगिरीचे विरोधक होते, तसे गुलामांचे मालकही होते, ज्यांना स्वतंत्र काळा माणूस डोळ्यांपुढे नको होता. आता अडचण पाहा. तुम्ही स्वतःला आफ्रिकन म्हणवलेत की समोरचा म्हणणार, मग जा की तुमच्या आफ्रिकेत! १८३० च्या दशकात अनेक संस्थांनी आपल्या नावातून हा शब्द काढून टाकला. बॉस्टनच्या आफ्रिकन बॅप्टिस्ट चर्चने नाव बदलले आणि कारण दिले की आमचे सभासद अमेरिकेचे नागरिक आहेत. काल ज्या शब्दाने आधार दिला, तो आज गळ्याशी आला होता. पुढे दीडशे वर्षांनी, १९८८ च्या डिसेंबरात, जेसी जॅक्सन आणि इतर नेत्यांनी आवाहन केले की आम्हाला 'आफ्रिकन अमेरिकन' म्हणा. शब्द परत आला. मधल्या काळात काय बदलले होते? आफ्रिकेत स्वतंत्र देश उभे राहिले होते. आता त्या नावामागे झेंडे होते.

ते झेंडे उभे करण्याची पहिली कल्पनाही पुष्कळशी बाहेरच रुजली, हे लक्षात घ्या. १९०० च्या जुलैमध्ये लंडनला पहिली पॅन-आफ्रिकन परिषद भरली. ती भरवणारा हेन्री सिल्व्हेस्टर विल्यम्स त्रिनिदादचा बॅरिस्टर. तिथे गाजलेला तरुण डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस अमेरिकेचा. 'आफ्रिका आफ्रिकनांसाठी' ही घोषणा दूरवर नेणारा मार्कस गार्व्ही जमैकाचा, आणि त्याने आफ्रिकेत कधी पाऊलही ठेवले नाही. १९४५ मध्ये मँचेस्टरला जी परिषद झाली तिथे मात्र चित्र पालटलेले होते. तिथे क्वामे एन्क्रुमा होता, जोमो केन्याटा होता, हेस्टिंग्ज बांडा होता. पुढच्या वीस वर्षांत हे तिघेही आपापल्या देशाचे प्रमुख झाले. निर्वासितांनी जपलेले नाव तिथून मायदेशी निघाले. ड्यू बॉइस तर म्हातारपणी त्या नावामागोमाग घानाला गेला. अमेरिकेने त्याच्या पासपोर्टचे नूतनीकरण नाकारले, तेव्हा तो घानाचा नागरिक झाला, आणि १९६३ च्या ऑगस्टमध्ये पंचाण्णवाव्या वर्षी अक्रामध्ये वारला. त्याच वर्षी, तीन महिने आधी, २५ मे रोजी आदिस अबाबात आफ्रिकी ऐक्य संघटना स्थापन झाली होती.

आता वसाहतींकडे वळू. १८८४-८५ च्या बर्लिन परिषदेत चौदा सत्ता बसल्या होत्या. आफ्रिकेतला एकही प्रतिनिधी नव्हता. त्या काळात वसाहतींना नावे कशी पडली? जर्मन पूर्व आफ्रिका, ब्रिटिश पूर्व आफ्रिका, फ्रेंच पश्चिम आफ्रिका, फ्रेंच विषुववृत्तीय आफ्रिका. मालकाचे नाव आणि दिशा. ज्या नामिबियाचा मघाशी उल्लेख केला, त्याचेही नाव दक्षिण-पश्चिम आफ्रिका असेच होते. स्वातंत्र्य आले तसे एकेकाने स्वतःचे नाव घेतले. खंडाचे नाव देशाच्या नावात ठेवणारे आज दोनच उरले आहेत, दक्षिण आफ्रिका आणि मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक.

या दुसऱ्या देशाच्या नावामागची हकीकत फार कमी लोकांना ठाऊक असते. फ्रेंचांच्या काळात त्याचे नाव होते उबांगी-शारी, दोन नद्यांवरून. तिथला बार्थेलेमी बोगांडा हा पूर्वाश्रमीचा कॅथलिक पाद्री, त्या मुलखातला पहिलाच. राजकारणात आला आणि एकमुखाने नेता झाला. त्याला दिसत होते की फ्रेंच विषुववृत्तीय आफ्रिकेचे तुकडे करून स्वातंत्र्य मिळाले तर प्रत्येक तुकडा दुबळा राहील. म्हणून त्याने मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक हे नाव सुचवले ते या सगळ्या प्रदेशांच्या एका संयुक्त राज्यासाठी. चाड, गॅबन, काँगो यांनी यायचे होते. कोणी आले नाही. १ डिसेंबर १९५८ रोजी ते नाव एकट्या उबांगी-शारीला घ्यावे लागले. चार महिन्यांच्या आत, २९ मार्च १९५९ ला, बोगांडा विमान अपघातात गेला. त्यानंतर त्या देशाने जे भोगले, ते आपण वर्तमानपत्रांत वाचतो. त्या देशाचे नाव ज्या राज्यासाठी होते ते राज्य झालेच नाही.

दक्षिण आफ्रिकेवर मात्र मला जरा थांबायचे आहे, कारण 'आफ्रिकन कोण' हा प्रश्न जितक्या उघडपणे तिथे लढला गेला तितका कुठेच नाही.

१७०७ मध्ये स्टेलेनबॉश गावात दारूच्या नशेत दंगा करणाऱ्या एका गोऱ्या पोराला अधिकाऱ्याने हटकले, तेव्हा तो ओरडला की मी आफ्रिकेचा आहे, मी जाणार नाही. हेंड्रिक बिबाउ त्याचे नाव. युरोपीय रक्ताच्या माणसाने स्वतःला आफ्रिकेचा म्हणवल्याची ही अगदी सुरुवातीची नोंद मानतात. डच वसाहतवाल्यांच्या वंशजांनी पुढे हेच नाव घेतले, आफ्रिकानेर. त्यांच्या बोलीला नाव पडले आफ्रिकान्स. १८७५ मध्ये पार्ल गावी 'खऱ्या आफ्रिकानेरांची' संस्था निघाली, या भाषेच्या उत्कर्षासाठी. तिला अभिप्रेत असलेले खरे आफ्रिकानेर अर्थातच गोरे. पण त्याच दशकात, १८७७ साली, इस्तंबूलमध्ये एक पुस्तक छापले गेले. अबू बक्र एफेंदी या विद्वानाने केपच्या मुसलमानांसाठी लिहिलेले धर्मनियमांचे पुस्तक. त्याची भाषा आफ्रिकान्स, लिपी अरबी. कारण ती भाषा गुलामांच्या, नोकरांच्या, स्वयंपाकघरांतल्या तोंडीही घडली होती. आजही ती मातृभाषा म्हणून बोलणाऱ्यांत निम्म्याहून अधिक लोक गोरे नाहीत. भाषा सगळ्यांची होती, नाव एका गटाने आपले करून घेतले.

आणि मग ज्यांचे पूर्वज तिथे हजारो वर्षे राहत होते त्यांना काय म्हणायचे? राज्यकर्त्यांपुढे ही खरोखरच अडचण होती. त्यांना आफ्रिकन म्हणावे, तर आफ्रिकान्समध्ये त्याचे भाषांतर होते आफ्रिकानेर! म्हणून सरकारी कागदांत ते आधी 'नेटिव्ह' झाले, नंतर 'बांटू'. १९५३ चा कायदा बांटू शिक्षणाचा. बाकांवरच्या आणि दारांवरच्या पाट्यांवर बराच काळ लिहिलेले असे 'फक्त युरोपियनांसाठी'. पाहा हं, एकीकडे जे लोक स्वतःला आफ्रिकेचे पुत्र म्हणवत होते, तेच बाक राखून ठेवताना युरोपियन होत होते. नाव घ्यायचे आफ्रिकेचे, आणि हक्क सांगायचा युरोपचा.

१० ऑक्टोबर १९७५ रोजी पार्लच्या डोंगरावर आफ्रिकान्स भाषेच्या भव्य स्मारकाचे अनावरण झाले. त्यानंतर वर्षही सरले नाही तोच, १६ जून १९७६ ला, सोवेटोची शाळकरी मुले रस्त्यावर आली. मागणी काय? गणित आणि सामाजिक शास्त्रे आम्हाला आफ्रिकान्समधून शिकवू नका. पोलिसांनी गोळीबार केला. मारल्या गेलेल्यांत हेक्टर पीटरसन होता, बारा वर्षांचा. ज्या भाषेच्या नावातच आफ्रिका आहे, तिच्या सक्तीविरुद्ध आफ्रिकेची मुले मेली. १९९१ पासून सबंध खंडात तो दिवस 'आफ्रिकी बालकाचा दिवस' म्हणून पाळतात.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाही तर मी पक्षपात केला असे होईल. आफ्रिकन नॅशनल काँग्रेस १९१२ ला स्थापन झाली आणि १९२३ मध्ये तिने हे नाव घेतले. या काँग्रेसचे सभासद कोण होऊ शकत होते? १९६९ पर्यंत फक्त कृष्णवर्णीय आफ्रिकन. खांद्याला खांदा लावून लढणारे युसुफ दादू या काँग्रेसचे सभासद नव्हते, कारण ते भारतीय. भारतीयांची काँग्रेस वेगळी, १८९४ मध्ये गांधीजींनी नाताळ वसाहतीत सुरू केलेल्या परंपरेतली. आणि हेही मोकळेपणाने बोलले पाहिजे की सुरुवातीच्या काळात गांधीजींनी भारतीयांचा लढा आफ्रिकनांपासून वेगळा राखला, आणि त्या काळच्या त्यांच्या लिखाणात आफ्रिकनांबद्दलचे शब्द आज वाचताना मान खाली जाते. १९६९ मध्ये टांझानियातल्या मोरोगोरो अधिवेशनात सभासदत्वाचे दार उघडले, सर्वोच्च कार्यकारिणीचे दार १९८५ मध्ये. मोरोगोरोच्या दहा वर्षे आधी, १९५९ मध्ये, रॉबर्ट सोबुक्वे यांनी वेगळा पक्ष काढला, तो याच प्रश्नावर. त्यांना काँग्रेसची बहुवंशीय आघाडी नको होती, खंडाचा लढा आफ्रिकनांच्या हाती हवा होता. पण गंमत अशी की आफ्रिकन कोण, याची त्यांची व्याख्या रंगावर बेतलेली नव्हती. जो फक्त आफ्रिकेशी निष्ठा ठेवतो आणि बहुसंख्यांचे लोकशाही राज्य मान्य करतो, तो आफ्रिकन. मला ही व्याख्या आजही विचार करण्याजोगी वाटते.

८ मे १९९६ रोजी केपटाउनमध्ये नवी राज्यघटना संमत झाली, तेव्हा उपराष्ट्राध्यक्ष थाबो म्बेकी यांनी केलेले भाषण जगभर गाजले. आपण आफ्रिकन आहोत असे सांगताना त्यांनी आपले पूर्वज मोजले. केपच्या माळावर नामशेष झालेले खोई आणि सान, युरोपातून आलेले, पूर्वेकडून आणलेले गुलाम, इंग्रजांशी लढलेले आफ्रिकी सरदार, बोअरांच्या थडग्यांवर फुले वाहणारे, भारत आणि चीनमधून आलेले वेठमजूर. सगळे त्यांनी एका 'मी'मध्ये घेतले. आणि बारा वर्षांनी, २००८ च्या मे महिन्यात, म्बेकी राष्ट्राध्यक्ष असताना, जोहान्सबर्गच्या अलेक्झांड्रा वस्तीत परदेशी मजुरांवर हल्ले सुरू झाले आणि देशभर पसरले. साठांहून अधिक माणसे मेली. परदेशी म्हणजे कोण? मोझांबिकचे, झिम्बाब्वेचे, मलावीचे. म्हणजे आफ्रिकन.

उत्तरेकडे थोडक्यात वळतो. १८७८ मध्ये इजिप्तच्या खेदिव इस्माईलने जाहीर केले होते की माझा देश आता आफ्रिकेत राहिला नाही, तो युरोपचा भाग झाला आहे. पुढच्याच वर्षी युरोपातल्या सावकार सत्तांनी त्याला पदच्युत करवले, आणि १८८२ मध्ये ब्रिटिश फौजा इजिप्तमध्ये उतरल्या. १९८७ मध्ये मोरोक्कोने युरोपीय आर्थिक समुदायात प्रवेश मागितला. तो नाकारला, कारण मोरोक्को युरोपात नाही. पण त्याच मोरोक्कोच्या किनाऱ्यावरची सेउता आणि मेलिला ही शहरे स्पेनची आहेत, म्हणून ती युरोपात आहेत! १९८४ ला मोरोक्को आफ्रिकी ऐक्य संघटनेतून बाहेर पडला होता, पश्चिम सहाराच्या वादावरून. २०१७ मध्ये तो, त्या संघटनेच्या जागी आलेल्या आफ्रिकी संघात परतला. २०२२ च्या फुटबॉल विश्वचषकात मोरोक्को उपांत्य फेरीत पोचला, तिथवर जाणारा पहिला आफ्रिकी देश. त्या वाटचालीत एका खेळाडूने विजय अरबांना आणि मुसलमानांना अर्पण केला. सेनेगलपासून केनियापर्यंतचे प्रेक्षक विचारू लागले, आणि आम्ही? त्याने जाहीर माफी मागितली आणि विजय आफ्रिकेलाही अर्पण केला. फुटबॉलच्या निमित्ताने आणखी एक आठवते. १९५७ मध्ये खार्टूमला पहिली आफ्रिकी अजिंक्यपद स्पर्धा भरली. दक्षिण आफ्रिका संस्थापकांपैकी एक, पण गोऱ्या-काळ्यांचा मिश्र संघ पाठवायची तिची तयारी नव्हती. उरलेल्या तिघांनी तिला वगळून स्पर्धा खेळवली. ज्या देशाच्या नावातच आफ्रिका, त्याला आफ्रिकेच्या स्पर्धेत जागा मिळाली नाही, आणि ते योग्यच झाले.

आता आपल्या घराकडे. मघाशी हबश म्हटले. मलिक अंबर हा इथिओपियात जन्मलेला, अनेकदा विकला गेलेला, निजामशाहीचा वजीर झालेला, खडकी वसवणारा. मालोजी आणि शहाजी त्याच्याबरोबर वावरले. त्याच्या जमीनमहसुलाची पद्धत आपण मलिकंबरी धारा म्हणून ओळखतो. त्याला आपल्या पूर्वजांनी हबशी म्हटले. जंजिऱ्याच्या सिद्दीच्या मुलखाला मराठी कागदांत हबसाण असे नाव आहे. कोकणच्या किनाऱ्यावर एक हबसाण होते, आणि ते १९४८ पर्यंत संस्थान म्हणून टिकले. म्हणजे या लोकांशी आपली ओळख युरोपने शिकवलेल्या खंडाच्या नावाच्या आधीची आहे. राजकारणात, लढाईत, दरबारात झालेली ओळख. पण आज पुण्यात शिकायला आलेला सुदानी किंवा केनियन मुलगा रस्त्याने चालला, तर त्याच्या पाठीमागे कोणकोणते शब्द येतात, हे इथे बसलेल्या पुणेकरांनी ऐकलेले आहे. मलिक अंबराच्या मुलखात ही गोष्ट मला फार लागते.

आणि आपली माणसेही तिकडे गेली. पूर्व आफ्रिकेत भारतीयाला 'एशियन' म्हणतात, म्हणजे त्यालाही एका खंडाचेच नाव चिकटले. १९७२ च्या ऑगस्टमध्ये इदी अमीनने युगांडातल्या एशियनांना नव्वद दिवसांत देश सोडायला लावला. तिथे आफ्रिकन शब्दाने दार बंद केले. पण याच समुद्रपट्ट्यात पिओ गामा पिंटो होऊन गेला, ज्याचे नाव महाराष्ट्र आणि गोव्यात घरोघरी असायला हवे होते. आईवडील गोव्याचे, जन्म १९२७ चा, नैरोबीत. शिक्षण भारतात. तरुणपणी पोर्तुगीजांविरुद्धच्या गोव्याच्या चळवळीत पडला, अटक टाळायला केनियाला परतला. तिथे माऊ माऊ लढ्यात आफ्रिकनांच्या बाजूने उभा राहिला म्हणून ब्रिटिशांनी १९५४ पासून त्याला वर्षानुवर्षे स्थानबद्ध ठेवले, त्यातला मोठा काळ मांडा बेटावर. स्वतंत्र केनियाच्या संसदेत तो सभासद झाला. नवे राज्यकर्ते जमिनी आपसांत वाटून घेत आहेत असे दिसल्यावर त्याने तेही बोलून दाखवले. २४ फेब्रुवारी १९६५ रोजी नैरोबीत, त्याच्याच घराच्या फाटकाशी, गाडीच्या मागच्या आसनावर लहान मुलगी बसलेली असताना त्याला गोळ्या घातल्या. स्वतंत्र केनियातला हा पहिला राजकीय खून मानतात. तो आफ्रिकन होता का? सोबुक्वे यांची व्याख्या लावून पाहा. मी तरी त्याला आफ्रिकन म्हणतो, आणि गोव्याचाही म्हणतो. २०१७ च्या जुलैमध्ये केनियाने एशियनांना देशाची चव्वेचाळिसावी जमात म्हणून मान्यता दिली. पिंटोच्या मृत्यूनंतर बावन्न वर्षांनी.

शेवटचा मुद्दा आजचा आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीच्या परिषदेत आफ्रिकी संघ जी-२० चा कायमचा सभासद झाला. खंडाच्या नावाने आता टेबलाशी खुर्ची आहे. पण घरात काय? २०१६ मध्ये किगालीच्या परिषदेत आफ्रिकी संघाचा सामाईक पासपोर्ट जाहीर झाला, पहिल्या प्रती दोन राष्ट्राध्यक्षांना देण्यात आल्या. सामान्य माणसाच्या हाती तो अजून आलेला नाही. २०२४ मध्ये त्याच किगालीत नायजेरियाचे उद्योगपती अलिको डांगोटे, खंडातले सर्वांत श्रीमंत गृहस्थ, जाहीरपणे म्हणाले की आफ्रिकेत फिरायला मला पस्तीस व्हिसा लागतात आणि फ्रेंच पासपोर्टवाल्याला माझ्यापेक्षा मोकळीक आहे. काही देश हे बदलू लागले आहेत. रवांडा, बेनिन, गांबिया आणि सेशेल्स यांनी सर्व आफ्रिकी नागरिकांना व्हिसाविना प्रवेश दिला आहे. २०२५ च्या आरंभापासून घानानेही तो दिला. अक्राच्या विमानतळावर कुठल्याही आफ्रिकी देशाचा पासपोर्ट दाखवला की माणूस आत जाऊ शकतो. ज्या अक्रात ड्यू बॉइसला घानाचे नागरिकत्व घ्यावे लागले होते, तिथे झांबियाच्या शिंप्याला, सेनेगलच्या विद्यार्थिनीला आता आपण आफ्रिकन आहोत एवढे दाखवणे पुरते. उरलेल्या देशांतले बहुतेक अजून विचार करत आहेत.